पिशवीचं सातवं घर

त्या निळ्या पिशवीला वास आहे. खरं तर ती रक्तदाब मोजण्याच्या मशीनची पिशवी. तिला रबराचा, प्लास्टिकचा, फार तर दवाखान्यातल्या स्पिरिटचा वास यायला हवा. पण गुरुवारी संध्याकाळी शिरूरच्या घरी येऊन मी तिची चेन उघडते, तेव्हा खोलीत पसरतो तो भाजलेल्या शेंगदाण्यांचा, कोथिंबिरीच्या ओल्या देठांचा, कधी लिंबाचा, आणि सध्या मार्गशीर्षाच्या थंडीत पिशवीतच पिकत आलेल्या पेरूंचा दरवळ. डोळे मिटून मी सांगू शकते की या आठवड्यात ही पिशवी कोणाकोणाच्या घरी मुक्काम करून आली. एखाद्या निर्जीव यंत्राला माणसांच्या घरांचा वास लागावा, याहून मोठं भाग्य त्याला कुठून मिळणार?

वडगाव रासाईच्या अलीकडे, भीमेच्या काठच्या उसात, सहा घरांची एक वस्ती आहे. सहाही घरांत कुणा ना कुणाला रक्तदाबाचा त्रास आहे. मी ज्या संस्थेत काम करते, तिने या सहा घरांत मिळून एक मशीन दिलं. शुक्रवारपासून बुधवारपर्यंत ते रोज एका घरी राहतं. त्या दिवशी सकाळी गोळी घेण्याआधी एकदा आणि संध्याकाळी एकदा मोजायचं, आणि वरचा आकडा, खालचा आकडा वहीत लिहून ठेवायचा. गुरुवारी सगळ्यांनी वस्तीतल्या थोरल्या जिजींच्या ओट्यावर जमायचं. मी वही पाहते, दोन गोष्टी सांगते, चार ऐकते, आणि मशीन तपासायला, वहीतले आकडे कॉम्प्युटरवर चढवायला पिशवी घरी घेऊन येते. शुक्रवारी सकाळी ती पुन्हा जिजींच्या हातात, आणि तिथून पहिल्या घरी. महिन्यातून एका सोमवारी गावात डॉक्टर येतात, तेच आकडे पाहतात, आणि त्यावरून कुणाची गोळी वाढते, कुणाची कमी होते.

मी फार बोलणारी नाही. इंग्रजी शाळेत शिकले, तिथेही मागच्या बाकावरची. या कामाला लागले तेव्हा मला धास्ती होती ती रक्तदाबाची नव्हे, मराठी आकड्यांची. पन्नासच्या पुढे माझी मराठी अडखळते. एकोणसत्तर म्हणजे साठाच्या बाजूचे की सत्तरच्या, हे मला आजही क्षणभर थांबून ठरवावं लागतं. वस्तीतले आप्पा, पांढऱ्या मिशांचे, एकेकाळी मेंढरं राखलेले आणि आता दोन एकर उसाचे धनी, पहिल्याच गुरुवारी म्हणाले, "ताई, तुमच्या शाळंत मास्तर येत न्हवतं व्हय?" सगळा ओटा हसला. मीही हसले, पण ओठांच्या आतल्या आत. माझ्या चेहऱ्याला दार आहे आणि ते मी लावून घेऊ शकते, अशी तेव्हा माझी समजूत होती.

पण या कामात एक गोष्ट जणू माझ्यासाठीच घडवलेली निघाली. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसायचं असतं. पाठ टेकलेली, पावलं जमिनीला लागलेली, हात उशीवर, आणि तोंडातून शब्द नाही. ज्या जगात गप्प माणसाला शिष्ट समजतात, तिथे गप्प बसणं हेच काम व्हावं! या पाच मिनिटांत मी काय काय पाहिलं आहे म्हणून सांगू? आयुष्यभर ज्या बायका जेवायला बसतानाही एक गुडघा उभा ठेवतात, कुणी हाक मारली तर चटकन उठता यावं म्हणून, त्या बायकांना पहिल्यांदा नुसतं बसताना पाहिलं आहे. त्यांना ते जमत नाही. त्यांचे हात काहीतरी शोधू लागतात. जिजींचा हात हळूच लसणाच्या सुपाकडे जायचा. मी मानेनेच नको म्हणायची. मग तो हात मांडीवर परत यायचा आणि तिथेही पदराचं टोक चाळवत राहायचा. विश्रांतीसुद्धा कुणीतरी शिकवावी लागते, हे मला कोणत्या पुस्तकात सापडलं असतं?

आणि मग ती पिशवीची गोष्ट. शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही रीत तुम्हाला माहीत असेलच. वाटीभर साखर नेली तर वाटी परत येताना तिच्यात चार शेंगा तरी असतात. वस्तीने मशीनच्या पिशवीलाही तोच न्याय लावला. पहिल्या घरातून दुसऱ्या घरी जाताना तिच्यात मूठभर हरभरे गेले, दुसऱ्यातून तिसऱ्यात गुळाचा खडा, आणि गुरुवारी माझ्याकडे आली तेव्हा ती मशीनपेक्षा जड झाली होती. मी आतलं सगळं काढून आईला दिलं आणि शुक्रवारी पिशवी झटकून, स्वच्छ पुसून परत नेली. मला वाटलं, जिजी खूश होतील. त्यांनी पिशवी हातात तोलली आणि माझ्याकडे पाहिलं. "आगं, रिकामी पिशवी देत्यात व्हय कुणी?" मला आपलं वाटलं, हे त्यांचं आपसातलं, मी बाहेरची.

चैत्र संपून वैशाख लागला आणि पिशवीतून येऊ लागले पापड, कुरडया, सांडगे, मग नव्या कैरीचं लोणचं. गुरुवारी ओट्यावर मी मिठाबद्दल बोलायची, पापड-लोणच्याला हात आवरा म्हणायची, माना डोलायच्या, आणि त्याच पिशवीच्या तळाशी तेलाने डागाळलेल्या कागदात लोणच्याची फोड असायची. त्यांना हे विसंगत वाटत नव्हतं. खाणं वेगळं आणि देणं वेगळं. द्यायचं ते घरातलं चांगलंच द्यायचं, आणि त्या दिवसांत चांगलं म्हणजे खारट.

जिजींचं पहिलं मोजमाप मला विसरता येत नाही. रुंद हाडाची बाई, साठी ओलांडलेली, चाळीस वर्षं ऊस तोडून आणि बांधून भरलेले दंड. मशीन घुरघुरत राहिलं आणि पडद्यावर वरचा आकडा आला, एकशे नव्वदच्या घरातला. मी म्हणाले, थोडा जास्त आहे. पुढे आणखी काहीबाही समजावलं आणि निघाले. सारिकाने, म्हणजे त्यांच्या सुनेने, ठेवलेला चहा तसाच राहिला, हे माझ्या लक्षातही नव्हतं. आकड्याच्या मागे मला दुसराच एक दंड दिसत होता, पण ते मी कुणाला सांगितलं नाही. मी सांगत नसते.

डॉक्टरांनी जिजींना दोन गोळ्या सुरू केल्या, आणि काय आश्चर्य, दुसऱ्याच आठवड्यापासून वहीत त्यांचा आकडा असा सुरेख उतरला की पाहत राहावं. एकशे वीस. एकशे अठरा. एकशे बावीस. सारिकाच्या वळणदार अक्षरात, ओळीने. मी गुरुवारी जिजींच्या ओट्यावर चहा पूर्ण प्यायला लागले. सारिका खुटबावची, नदीपलीकडच्या दौंड तालुक्यातली. तिच्या माहेरच्या गुळाचा चहा, वर दाट साय. महिना होत आला तेव्हा डॉक्टर मला फोनवर म्हणाले, "असंच राहिलं तर पुढच्या सोमवारी त्यांची एक गोळी कमी करू." मी घरी येताना गाडीवर चक्क गुणगुणत होते. जिजी मधूनमधून मान दाबून बसत, उठताना खांबाला धरत. ऊन फार आहे, त्या म्हणत. ऊन होतंच.

त्या सोमवारच्या आधीच्या गुरुवारची संध्याकाळ. मी घरी पिशवी उघडली. मशीनचा जो पट्टा दंडाला गुंडाळतात, तो वापरून झाल्यावर उघडून सपाट ठेवायचा असतो. हे सांगून मी थकले होते. वस्तीतल्या बायका तो बांगडी उतरवावी तसा दंडावरून ओढून काढत, त्यामुळे ज्याने शेवटी मोजलं त्याच्या दंडाएवढं वर्तुळ तसंच राही. बुधवार हा जिजींचा दिवस. म्हणजे समोर होतं ते जिजींच्या दंडाचं वर्तुळ. मी सहज त्यात हात घातला. ते माझ्या दंडावर अगदी बरोबर बसलं.

माझा दंड काटकुळा आहे. जिजींच्या कोपरावरूनसुद्धा ते वर्तुळ वर गेलं नसतं.

मी किती वेळ तो पट्टा तसाच घालून बसले, कोण जाणे. मग सारिकाचे हिरव्या चुड्याचे बारीक हात आठवले, आणि ते एकशे वीस, एकशे अठरा. सोमवारी त्या आकड्यांवर विसंबून जिजींची गोळी कमी होणार होती. शेजारी पप्पा टीव्ही पाहत होते. मी पिशवी उघडली की ते आवाज थोडा वाढवतात. तेही मी दर गुरुवारसारखं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

शुक्रवारी सकाळी वस्तीवर पोहोचले तेव्हा जिजी ओट्यावर लसूण सोलत होत्या. काय बोलायचं ते मी वाटेत दहा वेळा घोकलं होतं. ते सगळं तसंच राहिलं. मी त्यांच्या पुढचं सूप बाजूला सरकवलं आणि शेजारी बसले. पाच मिनिटं. त्यांना कळलं असावं. सारिका दारात येऊन थबकली. मी पट्टा उघडला, पार शेवटच्या टोकापर्यंत सैल केला, आणि जिजींच्या दंडाला बांधला. मशीन घुरघुरलं. एकशे शहाऐंशी. खाली एकशे चार.

जिजी मशीनकडे पाहतच नव्हत्या. त्या माझ्या चेहऱ्याकडे पाहत होत्या.

"बघ," त्या सारिकाला म्हणाल्या, "उतरलं का न्हाई त्वांड?"

सारिका पदराशी चाळा करत म्हणाली, "ताई, रागावू नका. महिनाभर माझाच दंड. मी म्हणत होते न्हाई म्हणून, पण ह्या ऐकतात व्हय कुणाचं?"

"पयल्या दिवशी मशीन वाजलं," जिजी म्हणाल्या, "आन् तू अशी बसलीस, जसं तुझ्याच घरात काय झालंय. चाय बी तसाच ठिवून गेलीस. म्हनलं, उन्हातान्हाचं एवढ्या लांबनं लेकरू येतंय, त्याला दारातनं हे असलं कडू घिऊन कशाला धाडायचं? तवापासनं चांगला आकडा दिला, आन् तू बशीसकट चाय प्यायला लागलीस."

"जिजी, सोमवारी तुमची गोळी कमी करणार होते," मी म्हणाले. "सारिकाच्या आकड्यावर."

सारिकाचा पदरावरचा हात थांबला. "म्हंजी माझ्यामुळं ह्यांचं..." ती उंबऱ्यावरच खाली बसली.

तुम्हाला सांगते, त्या क्षणी मला राग यायला हवा होता. पण मी विचार करत होते तो वेगळाच. आम्हाला शाळेत शिकवलं की आकडा म्हणजे माहिती. तो कुणाच्या मनासाठी बदलत नाही. या बाईसाठी मात्र आकडा ही पाहुण्याच्या हातात ठेवायची वस्तू होती. दारी आलेल्या पोरीला वाईट वस्तू कशी द्यायची? तिने पिशवीत घालायच्या गोष्टीसारखाच आकडाही निवडून, पाखडून दिला होता. आणि तो निवडायला लावला होता कुणी? माझ्याच चेहऱ्याने. ज्या दाराला कडी आहे असं मी इतकी वर्षं समजत होते, ते सताड उघडं होतं, आणि एका ऊस तोडणाऱ्या बाईने त्यातून आत पाहून माझ्यासाठी स्वतःचा जीव पणाला लावला होता.

मग मी जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते सांगितलं. तीन वर्षांपूर्वी कारखान्याच्या पहिल्या पाळीला निघताना पप्पा बुटाची नाडी बांधत होते. गाठ अर्धी झाली आणि उजवा हात तिथेच थांबला, कायमचा. पक्षाघात. तोवर त्यांनी कधी रक्तदाब मोजलाच नव्हता. मोजायला कुणी दारात आलं नव्हतं, आणि माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. आता ते गोळी घेतात, पण मशीन जवळ आणू देत नाहीत. म्हणतात, व्हायचं ते झालं. आणि मी सहा घरांचे दंड मोजत फिरते. माझे आकडे चुकत होते, मराठी-इंग्रजी एक होत होतं. जिजींनी मध्ये एकदाही टोकलं नाही.

बोलून संपल्यावर त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. खरखरीत, लसणाचा वास असलेला हात. "हे आधी सांगायचं न्हाई व्हय? तू बी लपावलंस, म्या बी लपावलं. फिट्टंफाट." मग सुनेकडे वळून म्हणाल्या, "ऊठ आता. लिव तो आकडा. शाईनं लिव. आन् सोमवारी डाक्टरला मीच सांगते, सुनंचं लिवलं म्हणून. मारतोय का काय मला?"

डॉक्टरांनी मारलं नाही. गोळी कमी करण्याऐवजी बदलून दिली आणि बराच वेळ जिजींना समोर बसवून ठेवलं. खरी गंमत पुढच्या गुरुवारी झाली. जिजींनी ओट्यावर सगळ्यांसमोर आपला गुन्हा असा काही रंगवून सांगितला की ऐकणाऱ्याला वाटावं, पराक्रमच. आणि मग जाहीर केलं, "खोटा आकडा लिवनाऱ्याच्या घरी पिशवी रिकामी जाईल. हिथनं पुढं." आप्पांनी मिशी चोळली. "मी आपलं धा-ईस खालीच लिवायचो," ते म्हणाले. "ताईला बरं वाटावं म्हणून. लई न्हाई, धा-ईसच." त्यांच्यानंतर आणखी दोघींनी घसा खाकरला. त्या आठवड्यात आमच्या वस्तीचे आकडे एकदम बिघडले. ऑफिसातून विचारणा झाली की इतके दिवस छान चाललेल्या वस्तीचं हे काय झालं. मी उत्तर लिहायला बसले आणि मला हसू आवरेना. याहून चांगला आठवडा मी त्या वहीत पाहिला नव्हता.

पिशवीतलं खारटही त्याच ओट्यावर थांबलं. मी काही बोलले नव्हते. सारिकाच म्हणाली, "ज्यानं बीपी वाढतंय तेच बीपीच्या पिशवीत घालतोय की आपण." इतकी साधी गोष्ट, पण ती माझ्या तोंडून ऐकण्यात आणि तिच्या तोंडून ऐकण्यात केवढं अंतर होतं! तेव्हापासून पिशवीला लिंबांचा, शेवग्याच्या शेंगांचा, कोथिंबिरीचा वास येतो. लोणची घरोघरी आहेतच. ती कुठे जातात? पण निदान पिशवीत बसून ती प्रवास करत नाहीत.

आता मार्गशीर्ष आहे. उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर डोलत चालल्या आहेत. जिजींचा कालचा आकडा एकशे चव्वेचाळीस होता. अजून हवा तसा नाही. पण पट्ट्याचं वर्तुळ चांगलं रुंद होतं, आणि मी वहीआधी तेच पाहते हे आता सगळ्या वस्तीला ठाऊक आहे. आप्पा म्हणतात, "ताई मराठी आकडं वाचीत न्हाईत, पट्टा वाचत्यात."

आज निघताना जिजींनी पिशवीत चार पेरू घातले. सारिकाच्या माहेरचे, खुटबावच्या बागेतले. चेन लावली, पण पिशवी सोडली नाही. "सा घरं झाली," त्या म्हणाल्या. "सातवं घर तुझं. बापाला म्हणावं, पेरूला मीठ-मिरची लावू नको. आन् पिशवी आन् वही, दोनी रिकामी धाडू नको."

मी घरी आले, पिशवी उघडली, पेरूंचा वास खोलीभर झाला. पप्पांनी सवयीने टीव्हीचा आवाज वाढवला आणि मग, वासामुळे असेल, कमी केला. मी निरोप सांगितला, जसा होता तसा, जिजींच्याच शब्दांत. पप्पांचं लहानपण कासुर्डी गावी गेलेलं. रिकामी पिशवी परत पाठवणं म्हणजे काय, हे त्यांना मला समजावून सांगावं लागलं नसतं. इतके महिने मलाच ते समजायचं होतं. त्यांनी बराच वेळ पेरू डाव्या हातात फिरवला. "कोण या जिजी?" त्यांनी विचारलं. आणि मी उत्तर देण्याआधीच टीव्ही बंद केला, पेरू खाली ठेवला, आणि डाव्या हाताची बाही वर करता येईना म्हणून माझ्याकडे पाहिलं.

आम्ही पाच मिनिटं गप्प बसलो. याच दंडाला लोंबकळून मी लहानपणी झोके घेत असे. पट्टा मात्र मला पुष्कळ आवळावा लागला. मशीन घुरघुरत होतं तेव्हा माझ्या लक्षात आलं की पप्पा पडद्याकडे पाहत नाहीत, माझ्या चेहऱ्याकडे पाहताहेत. मी चेहरा तसाच राहू दिला. जे दिसेल ते दिसो.

एकशे बावन्न. खाली चौऱ्याण्णव. लपवावा असा नव्हता, मिरवावा असाही नव्हता. मी वहीच्या नव्या पानावर 'घर सातवं' असं लिहिलं आणि खाली आकडा, शाईने. आईने तिळाच्या वड्या कागदात बांधून पिशवीत ठेवल्या. पेरूंचा वास तोवर पट्ट्यालाही लागला होता.

पिशवी भरताना मी पट्टा उघडला नाही. पप्पांनी तो वस्तीतल्या बायकांसारखाच बांगडीगत ओढून काढला होता. त्यांच्या दंडाएवढं ते वर्तुळ मी तसंच राहू दिलं. उद्या सकाळी जिजी वड्या बाजूला सारून आधी तेच पाहतील.